मानसकार

आमच्या दुर्भाटच्या घराच्या फाटकावर
संगमरवरात कोरलंय : मानस.
पुंडलीककाकांनी बसवून घेतलं ते,
पेन्शनचे पहिले पैसे हातात आले तेव्हा.

"आपला मूळपुरुष पुरसो मानसकार,"
सुपारी कातरता कातरता ते पाहुण्यांना सांगत,
"मानसकार म्हणजे मनाचा जाणता.
लोक मनातलं घेऊन त्याच्याकडे येत असणार."
'असणार'वर ते जरा थांबत.
आम्हां मुलांना त्या थांबण्यात
एक दाढीवाला, डोळे मिटलेला पुरसो दिसे.

पुरावा म्हणून पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद होता,
मोडीतला, वाळवीनं खाल्लेला.
तो कुणालाच वाचता येत नव्हता
म्हणून त्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

यंदा मी तो फोंड्याला नेला.
म्हाबळू मास्तरांनी भिंग धरलं, ओठ हलवले :
"पुरसो मानसकार यांस
सालीना भात दोन खंडी,
आणि अवसेपुनवेची मासळी."
मासळी?
"मासळीच. स्वच्छ लिहिलंय."
मनाच्या जाणत्याला मासळी कोण देतं?
मास्तरांनी भिंग पुसलं.
"ते कागदात नाही. बांधावर जाऊन विचार."

बांधावर सोयरू गावडे जाळं झाडत होता.
मी शब्द उच्चारला, त्यानं हनुवटीनं दाखवलं,
"ती न्हय मानस?"

बांधाच्या पोटात जांभ्याची कमान,
कमानीत लाकडाची दोन दारं, शेवाळलेली.
पलीकडे जुवारी, अलीकडे खाजन.
भरती चढली की पाणीच दार लोटतं,
सुकती लागली की पाणीच उघडतं.
माणसाचा हात लागत नाही.

मग पुरसो काय करायचा?

सोयरू हसला. "कितें तरी अडकतां न्हय!"

एखादं फळकूट. एखादी करवंटी.
मध्यरात्री, भरतीच्या तोंडाशी,
दोन दारांमध्ये नारळाचं एक सोडण अडकलं
की त्या बोटभर फटीतून समुद्र आत येतो.
नंतर तीन पावसाळे जातात
तेव्हा कुठे शेताच्या तोंडची चव परत येते.
म्हणून कुणीतरी जागायचं.
कंबरभर पाण्यात उतरायचं,
अंधारात हातानं चाचपायचं
काय अडकलंय.

पौष अवसेला गाव अजून बांधावर
चिखलाचा मानगो थापतो,
शिंपल्यांचे डोळे लावून, राखण कर म्हणून.
खऱ्या मगरीही होत्या पाण्यात.
दोन खंडींत त्या धरल्या होत्या की नाही
कागद बोलत नाही.

परतताना फाटकाशी उभा राहिलो.
चाळीस वर्षं ते अक्षर तिथेच,
दारावरच,
आणि आम्ही आत जाऊन अर्थ विचारत होतो.

काकांना सांगितलं तेव्हा
त्यांची मानसपूजा नुकतीच आटोपली होती.
बराच वेळ अडकित्ता मिटलेलाच राहिला.
मला वाटलं, चिडतील.
मग म्हणाले,
"पोहता येत असेल का रे त्याला?"
आणि थोड्या वेळानं, सुपारीकडे बघत,
"एखाद्या रात्री डोळा लागला असेल तर?"

शेवटची ओळ मी त्यांना वाचून दाखवली नव्हती.
'यंदा वजा एक खंडी, सबब'
आणि सबबीच्या जागी
वाळवीचं बोटभर भोक.

त्या रात्री वाऱ्यानं फाटक वाजलं.
काका उठले,
दिवा न लावता
पायानं चपला चाचपू लागले.